भिंतवाल्यांच्या ताब्यातला मेंढा

वर्दिया मावशीचा विश्वास कुणावरच नव्हता. पाव घेताना ती तो उलटा करून बुडाला टिचकी मारायची. मासेवाल्याने कल्ले उघडून दाखवले, तर ते रंगवलेले नाहीत ना म्हणून स्वतःचं बोट फिरवायची. घराच्या किल्ल्या दोऱ्यात ओवून गळ्यात, आणि झोपतानाही त्या गळ्यातच. नवरा अल्जिअर्सच्या बंदरावर हमाल होता. तो गेला तेव्हा सांत्वनाला आलेल्या माणसांनी जाताना काही ना काही मागून नेलं. कुणी त्याचा कोट नेला, कुणी रेडिओ, कुणी दाढीचं सामान. परत कुणी काही आणलं नाही. पुढे शाळेच्या स्वयंपाकघरात मसुरीचं पातळ कालवण वाढत तिने नोकरी काढली, मुलीला शिकवलं, आणि माणसांकडे जरा तिरक्या नजरेनेच पाहायची सवय कायमची जडली.

सगळ्यात तिरकी नजर भिंतवाल्यांवर. ती राहायची त्या बेलकूर वस्तीतल्या पाचमजली इमारतीच्या दाराशेजारी एक लांब भिंत होती. काम नसलेली पोरं सकाळपासून तिला पाठ टेकून उभी असायची. आख्ख्या देशात अशा पोरांना ‘हित्तिस्त’ म्हणतात. हीत म्हणजे भिंत. भिंत हाच ज्याचा धंदा, तो हित्तिस्त. मंत्री म्हणायचे, मास्तर म्हणायचे, पोरं स्वतःही हसत म्हणायची. मावशीची जीभ तर फारच चालायची. “बाजूला व्हा रे जरा, पण सावकाश. भिंत पडायची!” असं ती जाता-येता म्हणे आणि पिशवी दुसऱ्या हातात घेई. पोरं मात्र इमारतीतली कुणी बाई आली की माना खाली घालून वाट द्यायची. मावशीला त्यातही काहीतरी दिसायचं. “मान खाली घालतात म्हणजे पिशवीत काय आहे ते बघत असणार,” ती म्हणायची.

त्या वर्षी तिच्या मुलीचं, सिहामचं लग्न ठरलं होतं. मुलगा दातांचा डॉक्टर, नाव अनीस, राहणार वरच्या डोंगरावरच्या बंगल्यांत. आई नफीसा बाई, नवऱ्याची औषधांची दुकानं. साखरपुड्यालाच त्या बाईंनी जिन्याचा कठडा हातरुमालाने धरला होता, ते मावशीने पाहिलं होतं. तरी स्थळ मोठं. मोठ्या ईदेला, म्हणजे बकरी ईदेला, वराकडून नवरीच्या घरी मेंढा येतो, तसा तो आला. पांढराशुभ्र, डोळ्यांभोवती काजळ घातल्यासारखा काळा, शिंगं दोन वळणांची. कपाळाला मेंदी, गळ्यात हिरवी फीत. ईदेच्या दिवशी नफीसा बाई सगळ्या घरादारासह जेवायला येणार होत्या. मेंढा धड राहिला पाहिजे. आजारी, लंगडा, शिंग मोडून रक्त आलेला मेंढा कुर्बानीला चालत नाही. तसं काही झालं तर नफीसा बाई तोंडाने बोलणार नाहीत, पण मनात कुठेतरी नोंद करतील, हे मावशीला पक्कं ठाऊक होतं.

पहिल्या रात्री मेंढा बाल्कनीत ठेवला. सकाळी खालच्या मजल्यावरची बाई वाळत घातलेली चादर घेऊन वर आली आणि ती चादर तिने मावशीच्या नाकासमोर धरली. मग दुसरा इलाजच राहिला नाही.

इमारतीखालच्या बंद पडलेल्या गॅरेजात भिंतवाल्यांनी मेंढ्यांचा गोठा केला होता. दरवर्षीच करायचे. सगळ्या इमारतीचे मेंढे सांभाळायचे, चारा-पाणी बघायचे. ईदेच्या दिवशी रस्त्यावर जाळ करून मुंडकी-पाय भाजून द्यायचेही तेच. म्होरक्या होता रेदुआन. लांब हातांचा, फ्रीज दुरुस्तीचं प्रमाणपत्र घेतलेला आणि एकही फ्रीज उघडायला न मिळालेला.

मावशी रोज तीनदा खाली उतरायची. दुसऱ्या दिवशी तिच्या लक्षात आलं, की सगळे मेंढे आखूड दोरीने बांधलेले आहेत, तोंडं भिंतीकडे, आणि मधे गोणपाटं लावलेली.

“तोंडं का लपवलीत रे?”

रेदुआनने खांदे उडवले. “आमच्यातच राहतात ना मावशी. वाण नाही पण गुण लागला. आम्ही पाठ टेकतो, हे डोकं टेकतात.”

पोरं खो खो हसली. मावशी हसली नाही. ती वर गेली, पण जीव थाऱ्यावर नव्हता. मागून सगळे मेंढे सारखेच. तोंड दिसलं नाही तर मेंदी दिसणार नाही, काजळ दिसणार नाही. बदलला तरी कळणार कुणाला? आणि संध्याकाळी पलीकडच्या मैदानात मेंढ्यांच्या झुंजी लागायच्या, हेही ती जाणून होती. माझ्याच मेंढ्याची शिंगं कशी सगळ्यांच्या डोळ्यांत भरली असतील!

“आई, रेदुआन माझ्या वर्गात होता,” सिहाम म्हणाली. “तो असलं काही करायचा नाही.”

“वर्गात होता म्हणूनच सांगते. तू बोलूच नकोस.”

शुक्रवारी दुपारच्या नमाजाला सगळी भिंत रिकामी झाली. गॅरेजचं शटर अर्धं खाली होतं. मावशी वाकून आत शिरली, आपला मेंढा ओळखला आणि दोरी सोडली. मेंढा मुकाट्याने पाच मजले चढला. गच्चीवर कपडे धुवायची पडकी खोली होती, तिच्या दाराला तिने त्याला बांधलं. दोरी सैल ठेवली, बिचाऱ्याला फिरता यावं म्हणून. मग कोंड्याचं टोपलं आणायला खाली गेली.

घरात पाऊल ठेवते तोच वरून धाडकन आवाज आला. इमारतीची टाकी कोसळली असं वाटलं. पुन्हा धाडकन. मावशी धापा टाकत वर पोचली, तर पाण्याच्या टाक्यांमागून निघालेला एक करडा मेंढा मागे सरत होता, पुन्हा झेप घ्यायला. तो हाजी बलकासेमचा. हाजी कोर्टातले निवृत्त कारकून, चौथा मजला. त्यांनीही भिंतवाल्यांच्या भीतीने आपला मेंढा आदल्या दिवशी गुपचूप वर आणून लपवला होता. अनोळखी एडके एकमेकांच्या नजरेला पडले की काय करतात, हे लहानपणी डोंगरातल्या गावी मावशीने कितीदा पाहिलं होतं. गोणपाटं कशाला लावली होती, ते तिला आत्ता कळलं. पांढऱ्या मेंढ्याचं डावं शिंग मुळाशी मोडून लोंबत होतं आणि काजळाच्या डोळ्यात रक्त उतरत होतं.

तेवढ्यात जिन्यावरून रेदुआन धावत आला, चेहरा पांढरा पडलेला. “मावशी, तुझा मेंढा गोठ्यात नाही—” आणि तो थांबला. त्याच्यामागे नमाजाचा पांढरा झगा सावरत हाजी.

रेदुआनने दोन्ही मेंढे बघितले, सैल दोरी बघितली.  खिशातून रुमाल काढून शिंगाच्या मुळाशी दाबून धरला.

हाजींनी घसा साफ केला. “हे बघ वर्दियाबाई, खाली यांनी झुंज लावली, हे उघड आहे.”

“हाजी,” रेदुआन शांतपणे म्हणाला, “मी मशिदीत तुमच्या मागच्याच रांगेत होतो. तुमच्या टाचा पाठ झाल्यात मला.”

“मग तुझ्या दोस्तांनी लावली! कोण विचारायला बसलंय?” आणि मावशीला बाजूला घेऊन ते पुटपुटले, “तुझ्या विहिणीला एवढंच सांग. लगेच पटेल. त्यात वाईट कुणाचं होतं?”

मावशीने रेदुआनकडे पाहिलं. तो तिच्याकडे बघत नव्हता. हा माझं नाव का घेत नाही? ती विचार करू लागली. उपकार करून ठेवतोय की काय? उद्या काय मागेल?

भिंतवाल्यांनीच झुंज लावली, अशी बातमी संध्याकाळपर्यंत हाजींनी इमारतभर केली होती. लोक एकेक करून आपापला मेंढा गॅरेजमधून घेऊन गेले. कुणी ओरडलं नाही, भांडलं नाही. नुसती दोरी सोडायची, शिंगं चाचपायची आणि चालू पडायचं. भिंतवाले उभ्या जागी बघत राहिले.

दुसऱ्या दिवशी नफीसा बाई अनीसला घेऊन आल्या. खुर्चीच्या कडेला टेकल्या. मावशीने कॉफी ठेवली, बदामाच्या वड्या ठेवल्या. तोंड उघडणार तोच बाई म्हणाल्या, “मी खाली बघितलं त्यांना. आमच्या ड्रायव्हरला कळलंय सगळं. झुंज लावली ना त्या उनाडांनी? अनीसचे मामा पोलिसात आहेत. एक फोन केला की झालं.”

मावशीचा हात किल्ल्यांवर गेला. हो म्हटलं की संपलं. मुलीचं लग्न सुखरूप, शरम दुसऱ्याच्या दारात. पण पोलीस आले की पोरांना नुसतं विचारून सोडत नाहीत, हेही तिला माहीत होतं. शेजारच्या गल्लीतल्या एकाला असंच नेलं होतं. तो परत आला तो एका कानाने बहिरा होऊन.

“त्यांनी नाही लावली,” ती म्हणाली. “मी नेला वर. मला वाटलं, हे बदलतील. मीच चोरासारखी घेऊन गेले आणि मीच सैल बांधला.”

 मग नफीसा बाई हसल्या, आजाऱ्याकडे बघून हसावं तशा. “समजतं मला, वर्दियाबाई. तुम्हाला इथंच राहायचंय. त्यांच्या तोंडाला कशाला लागायचं? भीती वाटणारच.”

“भीती नाही. खरं सांगते.”

“खरंच आहे ते,” सिहाम मधेच बोलली. “रेदुआन तसा नाही. मी शाळेपासून ओळखते त्याला.”

बाईंच्या हातातला कप बशीवर जरा जोरात टेकला. “ओळखतेस?” त्यांनी अनीसकडे पाहिलं, अनीसने वडीकडे. मग बाईंची नजर खोलीभर फिरली. गादीवर, पडद्यावर, मुलीवर, आणि शेवटी मावशीवर येऊन थांबली. ती नजर मावशीने ओळखली. रोज दारातून बाहेर पडताना ती स्वतः तीच नजर वापरायची, फक्त कधी तिच्या अंगावर आली नव्हती.

“मी दुसरा मेंढा पाठवते,” बाई उठत म्हणाल्या. “लग्न आमच्याकडच्या हॉलमध्ये होईल. तुमच्याकडून घरची चार माणसं पुरेत. ही इकडची मंडळी नकोत. आणि हा मेंढा त्यांच्या हाती जाता कामा नये.”

दुपारी ड्रायव्हरने दुसरा मेंढा आणून दारात उभा केला. तपकिरी, पहिल्याहून मोठा. मावशी दोरी धरून भिंतीपाशी गेली. ड्रायव्हर बघत होता. बघू दे.

“रेदुआन, घे बाबा.”

“नाही मावशी.”

“का? मी सांगितलं त्यांना खरं.”

“ऐकलं. ड्रायव्हर सांगत होता. त्यांनी मानलं का?”

मावशीने दोरी हाताला गुंडाळली.

“मग? उद्या हा शिंकला तरी आमच्यावर. मामा पोलिसात आहेत म्हणे.” तो हसला नाही. दुसरा एक जण म्हणाला, “हाजींकडे दे. ते कोर्टातले आहेत, जामीन देतील.” यावर सगळे हसले.

मावशी हटली नाही. “मग वर येऊन बांधून दे. स्वयंपाकघरात. मला गाठ जमत नाही, हे सगळ्यांनी बघितलंय.”

ड्रायव्हरने तोंड फिरवलं. रेदुआनने बराच वेळ तिच्याकडे पाहिलं, हिला नक्की काय हवंय हे शोधत असल्यासारखं. मग दोरी घेतली.

इतकी वर्षं त्या इमारतीखाली उभा राहून तो तिच्या घरात कधीच आला नव्हता. उंबऱ्यावर त्याने बूट काढले. स्वयंपाकघरात मेंढ्याला नळाच्या पाइपाशी आखूड बांधलं, खिडकीला गोणपाट लावलं. मेंढ्याला रस्त्यावरचं काही दिसता कामा नये. सिहामने कॉफी आणली ती त्याने घेतली नाही. फळीवर मावशीचं पाकीट आणि सिहामच्या साखरपुड्याची बांगडी पडली होती. त्याने ती बघितली आणि हात मागे बांधले.

मावशी बाहेर वळली, टॉवेल आणायला.

“मावशी,” तो घाईने म्हणाला, “जाऊ नकोस. इथंच उभी राहा. मी बाहेर पडेपर्यंत माझ्यावर नजर ठेव.”

“मी काही म्हटलं का तुला?”

“तू नाही म्हणालीस. पण उद्या काही सापडलं नाही, तर तुला माझीच आठवण येईल.”

मावशीला नाही म्हणायचं होतं. शब्द ओठावर आलाही. पण याच घरात नफीसा बाईंसमोर खरं बोलून झालं होतं, आता खोटं कशाला? ती चौकटीत उभी राहिली आणि त्याच्या हातांकडे बघत राहिली. त्याने दोरी एकदा ओढून पाहिली, बूट घातले, आणि हात तसेच तिला दिसतील असे धरून जिना उतरू लागला.