पात्याचा बद्द आवाज

पवनचक्कीचं पातं तपासायचं म्हणजे आमच्याकडे ते हातोडीने वाजवायचं. बंदरातून आलेली पाती भिवंडीजवळच्या वडपे गावातल्या गोडाऊनमागे मैदानात आडवी ठेवलेली असत. ती पुढे डोंगरावर रवाना होण्याआधी मी टोकापासून बुडापर्यंत ठोकत जायचो. फायबरचे थर एकमेकांना धरून असले की आवाज खणखणीत; आत थर सुटला असला की बद्द. तिथे लाल खडूची खूण. घरचे हसायचे, “ठोकायचा बी पगार भेटतो?” भेटत होता. लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, न जाता दुसरी नोकरी मिळालेला घरातला मी पहिलाच, त्यामुळे माझा तोरा काही विचारू नका.

एका सकाळी मी अख्खं पातं लाल करून टाकलं. आमचे साहेब, पुण्याचे इंजिनियर, खुणा बघून चक्रावले. त्यांनी हातोडी घेऊन स्वतः ठोकलं.

“हे बद्द वाटतंय तुम्हाला?”

“होय साहेब. आतून पार सुटलेलं हाय.”

त्यांनी वॉचमनला बोलावून विचारलं. त्यालाही आवाज खणखणीत वाटला. मी वॉचमनवर खेकसलो, तुला काय कळतं यातलं म्हणून. साहेबांनी हातोडी खाली ठेवली आणि मला कान तपासून यायला सांगितलं.

कानाच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, “बारीक, खणखणीत आवाज तुमच्या कानातून गेलेत. परत यायचे नाहीत. किती वर्षं लूम चालवलात?”

“एक दिवस न्हाय. आमच्या घराची नि कारखान्याची भिंत एकच हाय.”

लूमची खटखट थांबली की आमची झोपमोड व्हायची, आणि त्याची आम्ही फुशारकी मारायचो. मूर्ख होतो सगळेच.

“घरात लहान कुणी आहे?” डॉक्टरांनी विचारलं. मुलगी होती, नुकती चालायला लागलेली.

“मग घर बदला.”

साहेबांनी चांगल्या शब्दांत नारळ दिला. राग त्यांच्यावर धरता येईना, म्हणून सगळ्या भिवंडीवर धरला. नोकरी गेलेला माणूस घर कुठलं बदलतो?

त्या दिवशी घरी आलो तेव्हा मुलगी पाठमोरी बसून डबा उघडत होती. भिंतीपलीकडे लूम चालू होते. मी मागून टाळी वाजवली. ती गर्रकन वळून हसली.

“बघा, आयकते ना पोर,” बायको म्हणाली.

मी मान हलवली. तिच्या वयाचा असताना मीही असाच वळत असणार.