भरीव शिंग

माझं शिक्षण सातवीपर्यंत. गाव तिकडे विदर्भात, जंगलाला लागून. आता कळव्याला राहते आणि बाळकुमच्या एका टॉवरमध्ये स्वयंपाक करते, प्राणिशास्त्र शिकवून रिटायर झालेल्या बाईंकडे. त्यांनी मला लिहायला बसवलं, नाहीतर हे कागदावर आलंच नसतं.

त्या सकाळी मी पोळ्या लाटत होते आणि बाई नातीला शिकवत होत्या. गाय, म्हैस, बकरी यांचं शिंग आतून पोकळ, एकदा आलं की जन्मभराचं. सांबर, चितळ, भेकर ही खरी हरणं. त्यांच्यात शिंगं नरालाच. ती भरीव हाडाची, गळतात आणि पुन्हा उगवतात.

"आणि काळवीट?" नातीने विचारलं.

"तो गाईच्या कुळातला. पण आपण त्यालाही हरीण म्हणतो, आणि दोघांच्याही डोक्यावरचं ते शिंगच. म्हणून घोळ होतो."

मी ओट्यापाशीच उभ्याने विचारलं, "बाई, गळालेलं शिंग कोणी उचलून घरी ठेवलं तर?"

"गुन्हा आहे. गळालेलं असो नाहीतर मारलेल्याचं. जेल होऊ शकते."

तव्यावरची पोळी करपली.

आमच्या खोलीत पत्र्याच्या डब्यात, लेकीच्या टोपड्यांखाली, बोटभर तुकडा होता. बाळंतपणाहून परत निघताना मायनं दिलेला. "लेकराची छाती भरली का सहाणेवर उगाळून लावजो." माय सांबराचा म्हणायची. मी मनाला समजावलं, मायला काय कळतंय, बकरीचं असेल. संध्याकाळी कडी लावून तुटलेल्या बाजूला सुई टोचून बघितली. कुठेच शिरेना, भरीवच होता.

त्यात सोसायटीने आम्हा कामवाल्यांचे पोलीस व्हेरिफिकेशनचे फॉर्म नुकतेच भरून घेतलेले. म्हणजे पोलीस घरी येणार. नवरा म्हणाला, "खाडीत टाक ना." पण पुलावर कॅमेरे असले तर? दोन दिवस तुकडा डब्यातच राहिला. मला धरून नेलं तर वर्षाची लेक कोणाकडे राहणार, हेच डोक्यात.

तिसऱ्या दिवशी तुकडा रुमालात गुंडाळून पिशवीच्या तळाशी घातला. बाईंनाच दाखवायचा. गेटवर वॉचमनने हाक मारली, "काय ताई, आज सांबार आणला की नाही?"

मी पिशवी छातीशी धरली. "तुम्हाला कोणी सांगितलं?"

"तुम्हीच सांगितलेलं! तुमच्याकडे कोथिंबिरीला सांबार बोलतात ना?" तो हसत होता. मला रडू फुटलं तसा घाबरला. "अहो ताई, मजाक केला. सॉरी, सॉरी."

बाईंनी तुकडा खिडकीशी नेऊन फिरवून बघितला. "सांबरच." मग पटकन टेबलावर ठेवला आणि पदराला हात पुसले. "माझ्या घरात आणलंस होय गं!"

बाई घाबरलेल्या मी पहिल्यांदाच बघितल्या. म्हटलं, "घेऊन जाते परत."

"बस गपचूप. कुठे नेतेस?" त्या दिवशी चहा त्यांनी केला.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी रिक्षाने वन खात्याच्या ऑफिसात गेलो. "आपणहून देतोय, खरं ते सांगायचं," वाटेत बाई मला बजावत होत्या. साहेबांनी कागद पुढे ओढला. "कोणी दिलं?"

माय तिकडे एकटी असते. तिच्या दारात वन खात्याची गाडी थांबलेली मला डोळ्यांसमोर दिसली. तिला साधी सही येत नाही.

"सापडलं," मी म्हटलं. "सरपणाला गेलेले तेव्हा."

बाईंनी माझ्याकडे बघितलं. तुकडा कोणी दिला ते त्यांना मी आदल्या दिवशीच सांगितलं होतं. जन्मभर मुलांना खोटं बोलू नका म्हणून शिकवलेली बाई. त्या पुढे झाल्या आणि म्हणाल्या, "साहेब, सही कुठे करायची हिने?"

"गरज पडली तर बोलावू," साहेब म्हणाले.

अजून बोलावलेलं नाही. अनोळखी नंबर वाजला की मी उचलत नाही. बाईंनी हे लिहायला लावलं, पण त्या खोट्याचा विषय पुन्हा काढला नाही. त्यांचे उपकार मी कशाने फेडणार? म्हणून इथे गावाचं नाव टाकलेलं नाही, बाईंचं नाही, माझंही नाही.