पंचनाम्यातला पाचवा इसम

नोकरीतली बरीच प्रकरणे आता एकमेकांत मिसळून गेली आहेत. हे एक मात्र जसेच्या तसे डोळ्यांपुढे येते, कारण त्यातली चूक माझी होती आणि ती मी तेव्हा कागदावर येऊ दिली नाही.

मी शिरूरला पोलीस निरीक्षक होतो. रांजणगावचे कारखाने वाढत होते, तसे परदेशी जाणाऱ्यांच्या चारित्र्य पडताळणीचे अर्जही वाढत होते. कारेगावात राहणाऱ्या एका मशीन ऑपरेटरचा अर्ज आमच्या गोपनीय शाखेकडे आला. त्याची बायको नर्स. पाच वर्षांच्या मुलीला घेऊन ती आधीच कॅनडात नोकरीला गेली होती. तिघांनी मिळून तिथल्या कायम वास्तव्यासाठी अर्ज केला होता आणि याला पोलिसांचा दाखला हवा होता. मुलीला बघून त्याला दोन वर्षे झाली होती.

अर्जामागोमाग एक निनावी आंतरदेशीय पत्र आले. ‘सदर इसमास दौंड येथे जुगाराच्या केसमध्ये शिक्षा झालेली आहे.’ अशी पत्रे बहुधा भावकीतून येतात. मजकूर मात्र सहसा खरा असतो. मी त्याला ठाण्यात बोलावले. तो वडिलांना घेऊन आला.

“कधी शिक्षा झाली होती का?”

“न्हाई साहेब.”

“दौंडला?”

“एकदा नेलं व्हतं. दंड भरला. शिक्षा न्हाई झाली.”

“कॅनडाच्या फॉर्मात काय लिहिलंस?”

“गुन्हा न्हाई, कैद न्हाई, असंच लिहिलं.”

“म्हणजे खोटं लिहिलंस.”

आमचा हवालदार हसला. “तिकडं बर्फात तीनपत्तीचा अड्डा टाकतो का काय रं?”

म्हातारा ताडकन उठला. “साहेब, ह्यो पत्त्याला शिवत न्हाई. लग्नात पावण्यांनी डाव मांडला तर ह्यो ताटावरनं उठून जातो. इचारा गावात.”

“आबा, बसा खाली,” मी म्हणालो. त्या दोघांना मी दुपारपर्यंत बाहेरच्या बाकावर बसवून ठेवले. माझा अनुभव असा, की खोटे बोलणाऱ्याची हकिकत विचारावे तशी लांबत जाते. याची आखडत चालली होती. प्रत्येक प्रश्नाला तो आधी माझ्या तोंडाकडे बघे, मग खाली. मी त्याचा अर्थ माझ्या सोयीने लावला.

दुसऱ्या दिवशी अंमलदाराला एसटीने दौंडला पाठवले. दारूबंदी आणि जुगाराचे किरकोळ गुन्हे भाग सहाच्या रजिस्टरला असतात. त्याचा उतारा त्याने संध्याकाळी माझ्या टेबलावर ठेवला. आरोपी पाच. गुन्हा कबूल. शिक्षा: दंड आणि कोर्ट उठेपर्यंत साधी कैद. मी शेवटच्या रकान्याकडे गेलो. छापा घालणारे अधिकारी म्हणून माझेच नाव होते.

मग सगळे आठवत गेले. नव्वदच्या सुरुवातीला मी दौंडला नवा फौजदार होतो. महिन्याच्या केसेस कमी पडल्या की बाजाराच्या दिवशी जुगाराचा छापा ठरलेला. रायटर पंचनामा ठाण्यातच लिहून ठेवी. जागेवर फक्त पंचांच्या सह्या. खबर होती पाच जणांची, म्हणून ‘पाच इसम गोलाकार बसून’ असे आधीच लिहिले होते. त्या पाचांत एक आमचाच खबरी होता. त्याला नेहमीप्रमाणे पळू दिले. हाती उरले चार आणि कागदावर पाच. शेजारी एक तरुण सायकलीत हवा भरत होता. मी बोट केले आणि शिपायाने त्याला गाडीत घातले. तो रडकुंडीला आला, तेव्हा मीच त्याला सांगितले, “कबूल कर, संध्याकाळी घरी जाशील. याचं पुढं काही होत नसतं.” आम्ही सगळ्यांना तसेच सांगत असू.

तिसऱ्या दिवशी त्याला एकट्याला आत बोलावले.

“कोर्टात त्या दिवशी काय झालं?”

“कबूल म्हणलो. दंड भरला. मग पाचपतोर मागच्या बाकावर बसवलं. मला वाटलं, पावती मिळायची असंल.”

“ती कैद होती,” मी म्हणालो. “कोर्ट उठेपर्यंतची.”

त्याने टेबलाची कड धरली. मग म्हणाला, “साहेब, मी तुम्हाला परवाच वळखलं व्हतं.”

“मग बोलला का नाहीस?”

“माझा कागद तुमच्या हातात हाय. कसं बोलू?” आणि हळूच, “आता तुम्हीच लिहून द्या ना, मी खेळत नव्हतो म्हणून. तेवढ्यानं माझी पोरगी दिसंल मला.”

मी नियम सांगितला. शिक्षा कोर्टाने दिली आहे, ती मला खोडता येत नाही. निकालाची नक्कल काढ, फॉर्म का चुकला याचा खुलासा जोड. सल्ला बरोबर होता. पण प्रतिज्ञापत्र करून खरे सांगणे माझ्या हातात होते. खोट्या पंचनाम्याची कबुली म्हणजे चौकशी आणि माझी बढती तोंडावर आलेली. मी अहवालात लिहिले, ‘एक किरकोळ गुन्हा, त्यानंतर वर्तणूक चांगली’, आणि सही केली.

त्याने नक्कल काढली, खुलासा दिला. आठ महिन्यांनी उत्तर आले. जुगाराबद्दल त्यात फारसे काही नव्हते. कैद लपवली, म्हणून तिघांचाही अर्ज नामंजूर. तिथल्या कामाच्या परवान्याची मुदत संपल्यावर बायको मुलीला घेऊन परत आली.

निवृत्त झाल्यावर मी वकिलाकडे गेलो. तो म्हणाला, “साहेब, स्वतःवर कशाला ओढवून घेता?” तरीही मी प्रतिज्ञापत्र केले. खबरी, आधी लिहिलेला पंचनामा, पाचवा माणूस, सगळे लिहिले आणि कारेगावला गेलो. मुलगी आता मोठ्या शाळेत होती. तिनेच पाणी आणून दिले. त्याने कागद दोनदा वाचला.

“उशीर केला साहेब तुम्ही. मी आता अर्ज करायचा न्हाई.”

“समजतं मला,” मी म्हणालो आणि कागदासाठी हात पुढे केला.

त्याने दिला नाही. “ऱ्हाऊ द्या. ही उद्या शिकायला बाहेर जाईल म्हणती. तिच्या फॉर्मात बापाबद्दल इचारत असत्याल का?”

इतकी वर्षे इतरांची चारित्र्ये तपासली, पण याचे उत्तर मला माहीत नव्हते. तसे मी त्याला सांगितले. त्याने कागदाची घडी घातली, कपाट उघडले आणि मुलीच्या जन्मदाखल्याच्या पिशवीत ठेवला.

किरकोळ गुन्हा असा शब्द मी नोकरीत हजारदा लिहिला असेल. तो किरकोळ आहे की नाही, हे मी त्या घरातून बाहेर पडताना पहिल्यांदा स्वतःला विचारले.