नावाड्याचा पेपर

शेवटच्या रविवारी अकोल्याच्या जुन्या शहरातल्या त्या खोलीत आम्ही तिघं होतो. नंदा, मी आणि टीव्हीच्या पडद्यावर नदीकाठी मान खाली घालून बसलेला एक नावाडी. नंदा माझी धाकटी बहीण, शाळेत गणित शिकवायची. त्यानंतरच्या बुधवारी डायलिसिस चालू असतानाच तिचं हृदय थांबलं. मी तेव्हा अमरावतीत एका पतसंस्थेचं ऑडिट करत होतो. फोन ठेवला, समोरची बेरीज पूर्ण केली आणि मगच उठलो. असं का केलं, ते अजून सांगता येत नाही...

किडन्या निकामी झाल्यावर तिची शाळा सुटली. आठवड्यातून तीनदा डायलिसिस, दिवसाला मोजकं पाणी आणि उरलेला वेळ ती खोली. तिनं लग्न केलेलं नव्हतं, म्हणून दर रविवारी मी जायचो. माझा मुलगा नोकरीसाठी पुण्याला गेला, तेव्हा त्याचा व्हिडिओ गेमचा सेट आत्याकडे ठेवून गेला होता. मारामारीचे गेम तिनं बाजूला सारले आणि एकच धरला. त्यात पुरानं उद्ध्वस्त झालेलं एक गाव आहे आणि खेळणारा त्या गावाचा मुखिया. गावकरी एकेक करून समोर येतात, पुरात आपण काय केलं ते सांगतात. त्यांना गावात ठेवायचं की हाकलायचं, हे मुखियानं ठरवायचं. सुया टोचून सुजलेला हात उशीवर ठेवून नंदा रिमोट धरायची आणि प्रत्येकाचं सगळं म्हणणं ऐकायची. एकही वाक्य ओलांडून पुढे जायची नाही. बोलणं इंग्रजीत असायचं, मला ती ते वऱ्हाडीत सांगायची.

तिनं वर्षानुवर्षं बोर्डाचे पेपर तपासले होते. गणितात उत्तर चुकलं तरी बरोबर पायऱ्यांचे गुण द्यावे लागतात. तीच रीत तिनं या माणसांना लावली. एका वैदू बाईनं औषध सगळ्यांना पुरावं म्हणून त्यात पाणी घातलं होतं आणि मग कोणीच वाचलं नव्हतं.

"शून्य," मी म्हणालो. "माणसं मेली ना?"

"भाऊ, उत्तर चुकलं तिचं. पायऱ्या पाह्य ना. पाचापैकी तीन."

"मेलेल्याइले सांग तुह्या पायऱ्या."

"तुले त शेवटची ओळच दिसते. ताळेबंद जुळला की तू खूश. चोराचाही जुळते, मालूम हाय ना तुले?"

मालूम होतं. आयुष्यभर मी तेच पाहत आलोय. धान्य वाटणाऱ्या एका श्रीमंताला मात्र तिनं सरळ गावाबाहेर काढलं. लोक बघत असतील तेव्हाच त्याचा हात सैल व्हायचा. "उत्तर बरोबर, पायरी एकही नाई. कॉपी केली यानं!" असं म्हणून ती इतकी हसली, की तिला धाप लागली आणि खेळ थांबवावा लागला.

आता राजूचं सांगायला हवं. राजू आमचा सगळ्यात धाकटा भाऊ, परतवाड्याला पाण्याचे पंप दुरुस्त करतो. मला मधुमेह, म्हणून माझी किडनी चालणार नव्हती. राजूची जुळली. तो हो म्हणाला, सगळ्या तपासण्या झाल्या, परवानगी आली, ऑपरेशनचा दिवस ठरला आणि त्या दिवशी तो आलाच नाही. फोनवर एवढंच म्हणाला, "भाऊ, माह्या पोरी लहान हायेत. मले भेव लागून राहिलं." मी त्याच्याशी बोलणं सोडलं. नंदानं त्यानंतर त्याच्याबद्दल ना चांगला शब्द काढला, ना वाईट. तिच्या या गप्प राहण्याचा मला रागच यायचा.

तर त्या शेवटच्या रविवारी नावाडी आला. पहिली खेप काठाला लावली होती, छपरावर उरलेल्यांना "परत येतो" असा शब्द दिला होता आणि मग तो गेलाच नव्हता. काठावर त्याची दोन लेकरं होती. छपरावरची माणसं वाहून गेली.

"हाकल याले," मी म्हणालो.

नंदानं रिमोट उशीवर ठेवून दिला.

"याचा पेपर मी नाई तपासत."

"काहून?"

"बोर्डाले लिहून द्या लागते भाऊ, आपल्या नात्यातलं कोणी परीक्षेले बसलं हाय का ते. असलं त त्याचा पेपर आपल्या हाती देत नाईत."

"अन् हा कोण लागते तुहा?"

तिनं माझ्याकडे पाहिलं... "चहा कर," ती म्हणाली. "मले अर्धाच कप. आजचं पाणी संपत आलं माहं." ती कोणाबद्दल बोलत होती ते मला कळलं होतं. मी उठून चहा टाकला.

तेरवीच्या दुपारी पाहुणे गेल्यावर मी खोली आवरायला घेतली. सेट बांधण्याआधी चालतो की नाही ते बघावं, म्हणून सुरू केला. नावाडी तिथंच बसलेला होता. मागं वळून पाहिलं तर दारात राजू. स्मशानातही तो लांबच उभा होता.

"भाऊ, आत येऊ का?"

त्याला काय म्हणायचं ते मी कधीचं ठरवून ठेवलं होतं. पण त्याची नजर पडद्यावर गेली. "हे काय होय?" त्यानं विचारलं. मी त्याला नंदाची गुण देण्याची रीत सांगितली आणि मग नावाड्याची गोष्ट. लेकरांसकट, छपरावरच्या माणसांसकट, काही न गाळता. राजू उंबरठ्यावरच खाली बसला.

"मंग ताईनं किती देले याले?"

"काईच नाई. नात्यातला हाय म्हणे, आपल्याले तपासता येत नाई."

त्यानं तोंडावर रुमाल धरला. मग म्हणाला, "मंग तू तपास, भाऊ."

रिमोट माझ्याच हातात होता. "मीबी नात्यातलाच हाय," मी म्हणालो आणि सेट बंद केला.

मी राजूला माफ केलं, असं कोणी समजू नये. तो त्या दिवशी आला असता तर नंदा आज जिवंत असती, हे मी विसरू शकत नाही. सेट आता माझ्या घरी आहे. मी तो कधीमधी लावतो, नावाड्याकडे पाहतो आणि बंद करतो. त्या दुपारी मात्र मी चहा टाकला. हाताला सवय लागलेली, नंदाच्याच कपात अर्धा ओतला आणि राजूपुढे ठेवला.

"अर्धाच?" तो म्हणाला.

"या घरात एवढंच माप हाय."

त्यानं तो कप दोन्ही हातांनी धरला आणि प्यायला.