प्रश्नचिन्हानं खाल्लेले दहा नकाशे

पाणीपुरवठ्याच्या कचेरीतल्या नकाशेवाल्याचा स्वभाव मुळातच शंकेखोर. कुलूप नीट लागलं का, गॅस बंद केला का, आणि जमिनीखालचा नळ खरंच इथूनच जातो का? ज्या नकाशाची खात्री नसे, त्याच्या नावापुढे तो प्रश्नचिन्ह ठोकून मोकळा होई.

कचेरीत संगणक आले, नकाशे त्यांत चढले, तसं त्याला पडद्यावरच्या काळ्या खिडकीत कमांड लिहायचं वेड लागलं. बाकीचे माउसनं टिचक्या मारत. हा टकटक करून फायली हलवी आणि तोंड असं करी, जणू विमानच उडवतोय. याच ऐटीत त्यानं जुने कागदी नकाशे रद्दीत घातले. "आता कागदाला कोण विचारतं?"

एका सकाळी नव्या इंजिनीअर बाई आल्या. "काका, जुन्या बाजाराचे सत्तर ते एकोणऐंशी नंबरचे नकाशे द्या. उद्या खोदाई आहे. मोठा नळ फुटला तर अर्धं शहर कोरडं पडेल."

"आत्ता देतो. आधी जरा केर काढतो."

केर म्हणजे 'नळ७?' ही सात नंबरची शंकेची प्रत. त्यानं पुसायची कमांड लिहिली, पुढे नाव लिहिलं आणि बटण दाबलं. आता काळ्या खिडकीत प्रश्नचिन्हाचा अर्थ शंका नव्हे; 'इथं कुठलंही एक अक्षर चालेल' असा! तसं नको असेल तर नाव अवतरणचिन्हांत गुंडाळायचं, असं माहितीपुस्तकात छापलेलं होतं. पण शहाण्याला पुस्तक कशाला? यंत्रानं शंकेची प्रत पुसलीच, शिवाय नळ७० ते नळ७९ही गिळून ढेकर दिला. तिथं पुसलेलं परत काढायला टोपलीसुद्धा नसते. जन्मभर सगळ्यांना 'नक्की ना?' विचारून हैराण करणारा माणूस नेमका तेव्हाच गप्प बसला होता.

"दुसरी प्रत असेल ना?" बाईंचा आवाज उतरला.

"होती. रद्दीवाल्याकडे."

"काका!"

"गाढव म्हणा, मॅडम, खुशाल म्हणा. पण गाढवाला वाट तरी पाठ असते. कोरे कागद द्या."

जुना बाजार त्यानं तरुणपणी टेप घेऊन पायी मोजला होता. संध्याकाळपर्यंत तो डोळे मिटून एकेक वळण चालला आणि डोळे उघडून ते काढत गेला. मध्येच स्वतःला शिव्याही घालत होता, पण सवडीनं.

सकाळी त्यानं रस्त्यावर चुन्याची रेघ मारली. खोदाईचा मुकादम म्हणाला, "काका, यंत्र लावू?"

"नको रे बाबा! माझ्या भरवशावर यंत्र लावतोस? हातानं खण."

कमरेएवढ्या खड्ड्यात नळ लागला. अख्खा, धडधाकट, पण रेघेपासून दीड हात बाजूला.

"दीड हात चुकलात," बाई म्हणाल्या.

"कालच्या मानानं बरंच म्हणायचं."

बाईंना हसू आवरेना. त्यांनी टेप त्याच्या हातात दिली. "उरलेले नऊ नकाशेही खड्ड्यात उतरून पक्के करा. संगणकावर मी चढवते."

नकाशेवाल्यानं पँट वर दुमडली आणि मुकादमाचा खांदा धरून तो खड्ड्यात उतरला.