लाल ठिपका

उद्या सकाळी व्यापारी आमच्या गावी, सास्तूरला येईल आणि आबांची मेंढरं नेईल, हे डोक्यातून जात नाही. मेंढरं गेल्यावर आबा दिवसभर काय करतील?

आबा म्हणजे माझे वडील, गोरोबा. शाळेची पायरी चढले नाहीत, पण साठ मेंढरं तोंडावरून ओळखतात. कुठली कुणाची लेक, कुठलीचा खूर मागच्या पावसात दुखला, सगळं सांगतात. त्याच मेंढरांवर मी धाराशिवला बीएस्सी झाले.

दोन महिन्यांपूर्वी त्यांना बीपीच्या गोळ्या सुरू झाल्या, सोबत ताकदीच्या. वाचता येत नाही म्हणून मी पाकिटांवर ठिपके काढून दिले. बीपीची, अजिबात चुकवायची नाही ती लाल, ताकदीची हिरवी. शाळेत शिकवताना मुलांच्या वह्यांतही महत्त्वाचं ते मी लाल पेननंच खुणावते. तेव्हा माझी मुलगी म्हणाली होती, "आई, काय समजलं ते आजोबांनाच एकदा सांगायला लाव." मी म्हटलं, एवढं कुणालाही कळतं.

पंधरा दिवसांपूर्वी आबा मेंढरांच्या कुंपणापाशी चक्कर येऊन पडले. मनगट मोडलं. बीपी भलतंच वाढलेलं. वय झालं, गोळ्या विसरतात, हे सगळ्यांआधी मीच बोलले. माझ्या भावानं, भागवतनं, तेच धरून ठेवलं. ज्याला गोळी आठवत नाही, त्याच्या हाती कळप कसा सोडायचा? मेंढरं विकायचं ठरलं. आता गोळ्या वहिनी हातात देते.

काल आबांना भेटायला गेले. फळीवर लाल ठिपक्यांची जुनी पाकिटं, न फोडलेली, नीट रचून ठेवलेली. विचारलं, तर म्हणाले, "लाल ठिपका लागला की ते आपलं न्हाय, माय. बाजूला काढायचं."

विकलेल्या मेंढराच्या पाठीवर व्यापारी लाल ठिपका मारतो. मग आबा ते कळपात मिसळू देत नाहीत. चाळीस वर्षं हेच. हिरवी गोळी मात्र एकही चुकली नव्हती.

ठिपक्याचं हे भागवतला का नाही सांगितलं, असं मी विचारलं.

"तू शिकलेली. तुझं कसं चुकंल? माझंच डोस्कं गेलं आसंल."

भागवत अंगणातच होता. मी पाकिटं पर्समध्ये घातली आणि एसटी धरली. त्याला काही बोलले नाही.

ती पाकिटं आता माझ्यासमोर आहेत. सकाळी व्यापारी साठ पाठींवर ठिपके मारेल, आणि आबा एकेक मेंढरू बाजूला काढून देतील. भागवत झोपला असेल. असू दे. उठेपर्यंत त्याच्या फोनची रिंग वाजवत राहते.