कुणाचा उजवा?

माझी बायको नीलिमा पेणची. तिच्या वडिलांचा गणपतीचा कारखाना होता. ते गेले आणि दोन वर्षांत कारखान्याला कुलूप लागलं. आता ती पर्थपासून सहाशे किलोमीटरवर कालगुर्लीच्या हॉस्पिटलमध्ये रक्त तपासते आणि उरलेल्या वेळात घरामागच्या शेडमध्ये माती मळते. यंदा पर्थच्या मंडळाने पहिल्यांदाच तिला मोठी मूर्ती सांगितली, तीन फुटी. तेव्हापासून शेडला ती ‘कारखाना’ म्हणायला लागली. मी हसलो, तर दोन दिवस माझ्याशी धड बोलली नाही.

निघायच्या आदल्या दिवशी आमच्या युटचं, म्हणजे मागे उघडा हौदा असलेल्या गाडीचं, पुढचं डावं चाक तापून वास मारायला लागलं. कॅलिपर, म्हणजे ब्रेकची डिस्क चिमटीत धरणारा भाग, जाम झाला होता. गॅरेजवाला म्हणाला, “तीन आठवडे थांबा.” माझ्या छोट्या गाडीत मूर्ती मावेना आणि माझ्या नोकरीवरची, खाणीची गाडी घरच्या कामाला मिळत नाही. मंडळाचा सेक्रेटरी शैलेंद्र फोनवर म्हणाला, “नो वरीज, नीलिमा. एक रेडीमेड मूर्ती आणून ठेवलीये. उद्या चारपर्यंत तुझी आली नाही, तर ती बसवू.”

तिने फोन ठेवला आणि माझ्याकडे बघितलं. “हृषी, कॅलिपर आपण बदलायचे.”

“आपण?”

“मी बदलते. तू सामान आण आणि हातात दे.”

मी खाणीत इंजिनिअर आहे, पण माझं काम कॉम्प्युटरवरचं. घरातला पाना तिच्याच हातात शोभतो. मी दुकानातून दोन्ही कॅलिपर, डिस्क, पॅड, ब्रेकचे रबरी पाइप, ब्रेक ऑइल असं सगळं आणलं. पुढच्या दोन्ही बाजू एकदमच बदलायच्या होत्या. युटसमोर उभा राहिलो, खोक्यांवरचं ‘लेफ्ट-राइट’ वाचून एकेक कॅलिपर आपापल्या बाजूला नीट मांडला आणि खोकी फेकून दिली. इतकं व्यवस्थित काम मी वर्षभरात केलं नव्हतं.

तिने मागच्या चाकांना लाकडाचे ठोकळे लावले, पुढचा भाग स्टँडवर चढवला, चाकं काढली. गंजलेली डिस्क हलेना, तेव्हा हातोडीने गोल फिरत असे ठोके दिले की मला पेणच्या अंगणात माती कुटणारे तिचे वडील आठवले. दुपारी दोनपर्यंत दोन्ही बाजूंचं सगळं नवं बसलं होतं. राहिली होती फक्त पाइपातली हवा काढायची.

“दाब!” ती चाकाच्या जागेवरून ओरडायची. मी पेडल दाबायचो. “धर!” ती कॅलिपरचा छोटा नट सैल करून परत आवळायची. “सोड!” असं तासभर चाललं. ब्रेक ऑइलची दुसरी बाटली संपत आली, तरी पेडल उशीसारखं मऊच. मी हळूच म्हणालो, “शैलेंद्रला सांगूया का?”

“गप्प बस.”

ती उपड्या बादलीवर बसली. डोळे भरून आले होते, ते तिने कोपराने पुसले, कारण हात तेलाने माखले होते. समोर शेडमध्ये मूर्ती होती. बराच वेळ ती मूर्तीकडे बघत राहिली. मग वाकून नवा कॅलिपर बघितला. “हा हवेचा नट खाली का आहे? हवा तर वर चढते. हृषी, उजवा कॅलिपर तू कुठे ठेवलास?”

“उजवीकडे.”

“कुणाच्या?”

“माझ्या,” मी म्हणालो. मांडताना मी युटच्या समोर, तिच्याकडे तोंड करून उभा होतो.

ती एवढी हसली की बादली कलंडली. ती आठ वर्षांची असताना पेणला एका गिऱ्हाइकाने उजव्या सोंडेचा गणपती मागितला आणि तिने सोंड स्वतःच्या उजव्या हाताला वळवली. वडिलांनी ओली माती मोडली आणि एवढंच म्हणाले, “बाळ, उजवी बाजू गणपतीची. बघणाऱ्याची नव्हे.”

“युटचंही तसंच,” ती म्हणाली. “ऊठ, गणपतीकडे पाठ करून बसू नकोस. पाना दे.”

तिने दोन्ही कॅलिपरची अदलाबदल केली. नट वर आले. “दाब! धर! सोड!” बारीक बुडबुडे फसफसून बाहेर पडले आणि पाचव्या खेपेला पेडल माझ्या पायाखाली दगडासारखं घट्ट झालं. मी शाळेतल्या पोरासारखा ओरडलो. तिने गल्लीत चार वेळा ब्रेक मारून बघितला, मग मान डोलावली.

सकाळी सहाला युटच्या हौद्यात गादीवर मूर्ती बांधून निघालो. सदर्न क्रॉस गावाच्या अलीकडे एक एमू, शहामृगासारखा उंच पक्षी, झुडपातून थेट रस्त्यावर आला. नीलिमाने ब्रेक दाबला. युट नाकासमोर सरळ थांबली. एमूने आमच्याकडे निवांत बघितलं आणि चालता झाला. मागे बाप्पाचा मुकुटही हलला नव्हता. “पेणचा कारखाना आहे,” ती म्हणाली आणि गिअर टाकला.

तीन वाजून दहा मिनिटांनी आम्ही पर्थला मंडळाच्या हॉलच्या दाराशी होतो. रेडीमेड मूर्ती खोक्यातच राहिली. चौघांनी नीलिमाचा गणपती चौरंगावर ठेवला. शैलेंद्र लांबून बघत म्हणाला, “परफेक्ट! फक्त जरा उजवीकडे घ्या.”

चौघेही जागच्या जागी थांबले. नीलिमाने माझ्याकडे बघितलं.

“गणपतीच्या उजवीकडे,” मी सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणालो.